थंड इंजिनासमोर

पाने-पेटी आज बंदच राहू द्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडा, स्टूल ओढा आणि नुसते बसा. समोर प्रीमियर पद्मिनी आहे असं धरू. कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळच्या फियाट 1100 चं चार सिलिंडरचं 1089 सीसी इंजिन असलेली. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरताच तिची सद्दी संपली. हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. त्यांच्या मालकाला कधीतरी एखाद्या सकाळी शंका येते, ऑइलमध्ये पाणी उतरतंय की काय?

शंका आली की धस्स होतं. होऊ द्या. ‘हेड गॅस्केट उडालं’ हे शब्द जिभेवर येतील, ते तिथेच थांबवा. अजून आपण काही पाहिलेलंच नाही.

ऑइल भरायचं झाकण उघडा आणि त्याची आतली बाजू बघा. पिवळट-पांढरा, चिकट फेस आहे? आता पेट्रोल जळतं तेव्हा काय होतं ते आठवा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये शिरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. पण गाडी रोज घरापासून मंडईपर्यंतच जात असेल, त्यात पावसाळा असेल, तर ती वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे या झाकणाखाली, जमते. तेव्हा फेस ही फक्त शंका आहे. तिला पुरावा म्हणायला आणखी काहीतरी दिसायला हवं.

डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. घाई नको. पातळी मागच्या वेळेपेक्षा वर चढली आहे का? जुनं इंजिन ऑइल खातं, ते ऑइल बनवत नाही. पातळी वाढली असेल तर दुसरं काहीतरी आत आलंय. आता नाकाजवळ धरून वास घ्या. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोलने ऑइल पातळ होतं आणि वास लपत नाही. पाण्याने ते दुधाळ होतं. रेडिएटरही बघा, गाडी थंड आहे तोवरच. पाणी जिथल्या तिथे आहे, डिपस्टिक स्वच्छ आहे, पातळी वाढलेली नाही? मग गाडी हायवेला तासभर फिरवून आणा आणि झाकण पुन्हा पाहा. फेस गेला तर विषय संपला.

विषय संपला नसेल तर गाडी चालू करू नका, फिरवून आणली असेल तर पुन्हा रात्रभर उभी ठेवा. रात्रभरात निसर्गाने एक काम फुकट करून ठेवलंय, पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसलंय. चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूहळू, एकेक आटा ढिला करा आणि खाली काचेची बरणी धरा. सगळ्यात आधी काय गळतं, तेवढंच बघायचं. हिरवट पाणी आलं तर कुलंट आत उतरतोय, यात शंका नाही. कधी कधी ऑइल आणि पाणी इतकं घुसळलेलं असतं की ते वेगळं होतच नाही. तेव्हा त्याचा एक थेंब तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टाका, डोळ्यांवर चष्मा लावून. पाणी असेल तर तो तडतडेल.

आता डोळे मिटा. या मननातला सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे.

इंजिन चालू आहे अशी कल्पना करा. ऑइल पंप दाब देतोय, दोन-तीन बार किंवा त्याहून जास्त. पलीकडे पाण्याच्या जॅकेटमधला दाब एक बारच्या आसपास. दोघांमधली भिंत दाबाखालच्या ऑइलच्या वाटेवर फुटली असेल, तर या घडीला कोण कोणाकडे जाईल? ऑइल पाण्याकडे. आता चावी फिरवून इंजिन बंद करा. ऑइलचा दाब क्षणात शून्यावर येतो. गरम रेडिएटर मात्र बराच वेळ फुगलेलाच असतो. आता पाणी ऑइलकडे जातं. गाडी बंद करून तुम्ही घरात चहा घेत असता, तेव्हा बिघाड आपलं काम करत असतो.

हे नीट मनात बसलं की रेडिएटरकडे पाहायची नजर बदलते. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आणि चेंबरमध्येही पाणी, तर गळती दाबाच्या वाटेवर आहे. चेंबरमध्ये पाणी पण रेडिएटर स्वच्छ, तर जिथून ऑइल विनादाब खाली परततं तिथे, किंवा ब्लॉकच्या तड्यात शोधा. डिझेल गाडी असेल तर हेडला हात लावण्याआधी ऑइल कूलर तपासा, आणि ओल्या लायनरचं इंजिन असेल तर लायनरच्या खालच्या रबरी रिंगा. कितीतरी हेड उगाच उतरवली जातात आणि दोषी कूलर निघतो.

मग प्रेशर टेस्टर. रेडिएटरला तो लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरा आणि थांबा. तासभर, जमल्यास रात्रभर. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर पाणी आत जातंय. स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा. एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा आला तर तो सिलिंडर सापडला. रेडिएटरमध्ये जळलेला वायू येतोय का, हे निळ्या द्रावणाच्या नळीने पाहतात. वायू असेल तर द्रावण पिवळं पडतं. ते निळंच राहिलं म्हणून सुटलो असं मात्र मानू नका. गळती पाण्यातून थेट ऑइलमध्ये असेल तर तिथे जळलेल्या वायूचा संबंधच येत नाही.

रेडिएटरमध्ये हळद टाका, असं कोणीतरी सांगेलच. रस्त्यावर रेडिएटरचं बारीक छिद्र बुजवून घर गाठायला ती ठीक. इंजिनच्या पोटातल्या गळतीवर तिचा उपयोग नाही, उलट रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतील.

एवढं झाल्यावरच हेड उतरवा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे मधलं गॅस्केट दर वेळी घासलं जातं, आणि गाडी एकदा उकळली की हेड वाकतंच असं धरून चाला. त्यावर सरळ पट्टी उभी धरून फीलर गेज सरकवा. मेस्त्रीला सांगा की हेड लेथवर फेस करण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या. तडा गेलेलं हेड फेस करून बसवणं म्हणजे मजुरी पाण्यात.

कुलंटमधलं ग्लायकॉल बेरिंगं खातं, तेही फार लवकर. म्हणून कारण हाती लागेपर्यंत इंजिन चालू करू नका, गॅरेज दोन गल्ल्यांवर असलं तरी गाडी ओढूनच न्या.