फ्रँकफुर्टचे अध्ययनगृह आणि ज्यूपणाचा आशय

द्वेष करणारे एखाद्या समाजावर जी ओळख लादतात तीच त्याची खरी ओळख मानायची का, हा प्रश्न विसाव्या शतकातील जर्मन ज्यूंपुढे अत्यंत क्रूर रूपात उभा राहिला. मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात ज्यूंचा छळ मुख्यतः धर्माच्या नावाने होत असे आणि त्यामुळे बाप्तिस्मा घेऊन त्यातून सुटण्याची वाट निदान तत्त्वतः तरी मोकळी असे. १८७९ च्या सुमारास विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने ‘अँटिसेमिटिझम’ ही संज्ञा प्रचारात आणली, तेव्हा द्वेषाचा आधार धर्माकडून वंशाकडे सरकला आणि धर्मांतराची ती वाटही बुजली. नाझी राजवटीच्या १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आजी-आजोबांवरून माणसाचे ज्यूपण ठरवले. गंमत अशी, की रक्ताची भाषा बोलणाऱ्या या कायद्याला आजोबांचा वंश सिद्ध करण्यासाठी अखेर त्यांच्या धर्मसमुदायाच्या सदस्यत्वाचाच आधार घ्यावा लागला.

ज्याला इतर लोक ज्यू समजतात तो ज्यू, असे झाँ-पॉल सार्त्र यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात मांडले. ज्यूद्वेष्ट्याच्या मनोवृत्तीचे त्यांनी केलेले विश्लेषण आजही धारदार वाटते. मात्र ज्यूंना स्वतःचा असा जिवंत वारसा असतो आणि त्या वारशाचा द्वेष्ट्याच्या नजरेशी काही संबंध नसतो, ही बाब त्या मांडणीत जवळजवळ अदृश्यच राहते. विशेष म्हणजे, या मांडणीला पुरेसे ठरावे असे उत्तर फ्रँकफुर्टमध्ये पाव शतक आधीच उभे राहिले होते.

फ्रांझ रोझेनझ्वाईग यांचा जन्म १८८६ मध्ये कासेल येथे एका सुखवस्तू कुटुंबात झाला. जर्मन संस्कृतीत पूर्ण मुरलेल्या त्या घरात ज्यू आचार नावापुरताच उरला होता. इतिहासकार फ्रीडरिश माइनेके यांच्या मार्गदर्शनाखाली हेगेलच्या राज्यविचारावर प्रबंध लिहिणारा हा तरुण १९१३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या उंबरठ्यावर होता, परंतु त्याच वर्षी, प्रायश्चित्ताचा उपवास असलेल्या योम किप्पूरनंतर काही दिवसांतच, त्याने ज्यू राहण्याचा निर्णय घेतला. पहिल्या महायुद्धात बाल्कन आघाडीवर असताना त्यांनी ‘मुक्तीचा तारा’ या तत्त्वग्रंथाचा मजकूर टिपून घरी पाठवला. परतल्यावर विद्यापीठातील कारकीर्द खुणावत असतानाही त्यांनी ती नाकारली आणि १९२० मध्ये फ्रँकफुर्ट येथे प्रौढांसाठी ‘मुक्त ज्यू अध्ययनगृह’ चालवायला घेतले.

या संस्थेमागचे शिक्षणशास्त्र परंपरेला उलटे करणारे होते. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, आणि तालमूद म्हणजे त्यांवर अनेक शतके चाललेल्या वादविवादांचा महासंग्रह. जुन्या अध्ययनात विद्यार्थी या ग्रंथांपासून आरंभ करून जीवनाकडे येत असे. रोझेनझ्वाईग यांचे म्हणणे असे, की ज्याच्या घरातून परंपरा निघून गेली आहे त्याने आपल्या आजच्या जीवनातून, आपल्या व्यवसायातून आणि अगदी आपल्या अज्ञानातूनही, परत ग्रंथाकडे जावे. त्यामुळे शिकवणाऱ्याने सर्वज्ञ असणे अपेक्षित नव्हते. बायबलवरील लोकप्रिय वर्ग घेणारे एडुआर्ड श्ट्राउस हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ होते. मार्टिन बूबर, गेरशोम शोलेम आणि एरिक फ्रॉम यांनीही येथे अध्यापन केले. शुल्क मात्र घेतले जाई, कारण फुकट मिळालेल्या ज्ञानाला श्रोता गांभीर्याने घेत नाही, हे संस्थापकाला ठाऊक असावे. पुढे असाध्य पक्षाघाताने रोझेनझ्वाईग यांची हालचाल आणि वाचा दोन्ही गेली, तरी पत्नी एडिथ यांच्या साहाय्याने लेखन सुरू राहिले आणि बूबर यांच्यासोबत हिब्रू बायबलचा जर्मन अनुवादही त्यांनी हाती घेतला. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच्या आधीच अध्ययनगृहाचे काम मंदावले होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी: ही संस्था ज्यूद्वेषाला प्रत्युत्तर म्हणून निघालेली नव्हती. तिला जाणवलेला रोग होता आतल्या पोकळीचा. नेमक्या याच कारणाने १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर ती उपयोगी पडली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा झाला आणि पाठोपाठ शाळा-विद्यापीठांतील त्यांच्या नव्या प्रवेशांवर दीड टक्क्याची मर्यादा आली. स्वतःला आधी जर्मन मानणाऱ्या हजारो माणसांना आपण ज्यू आहोत हे सरकारने सांगितले; ज्यू म्हणजे काय, हे सांगणे अर्थातच सरकारच्या कुवतीबाहेरचे होते. नोव्हेंबर १९३३ मध्ये बूबर यांनी अध्ययनगृह पुन्हा उघडले आणि १९३४ मध्ये साऱ्या जर्मनीतील ज्यू प्रौढशिक्षणाची मध्यवर्ती यंत्रणा उभी केली, तिला हातभार लावण्यासाठी अर्न्स्ट सायमन पॅलेस्टाईनहून परत आले. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, १९३५ मध्ये बूबर यांच्या जाहीर भाषणांवर बंदी घातली; १९३८ मध्ये ते जेरुसलेमला गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीतील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, जाळली गेली.

या प्रयत्नाला सायमन यांनी पुढे आत्मिक प्रतिकार म्हटले. ते योग्यच आहे, पण त्यातून कोणाचा जीव वाचला असे म्हणता येत नाही. उलट, अध्ययनाच्या या बहराने काहींना खोटा दिलासा मिळाला असेल आणि देश सोडण्याचा निर्णय लांबला असेल, ही शंका रास्त आहे. शिक्षणाने माणसाला ताठ उभे राहता येते; व्हिसा मिळत नाही.

द्वेषामुळेच ज्यू ज्यू राहिले, हा समज खोडून काढणारा पुरावा कोकणात सापडतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल शतकानुशतके ज्यूद्वेषाचा अनुभव न घेता मराठी बोलत राहिले, आणि ग्रंथ जवळ नसतानाही शब्बाथ, सुंता आणि ‘शमा’ ही एकेश्वरनिष्ठेची प्रार्थना त्यांनी टिकवली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत त्यांची शाळा निघाली, ती मुलांना शिक्षणासोबत हिब्रू आणि धर्मज्ञान मिळावे म्हणून. तिच्यामागे कोणाची दहशत नव्हती.

नाझींनी केलेल्या ज्यूंच्या महासंहारानंतर तत्त्वज्ञ एमिल फाकेनहाइम यांनी परंपरेने मानलेल्या ६१३ आज्ञांना ६१४ वी जोडली: ज्यूंनी ज्यू म्हणून टिकावे, हिटलरला मरणोत्तर विजय देऊ नये. स्वतः साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत राहिलेल्या माणसाचे हे वचन असल्याने त्याचा आदर राखला पाहिजे. तरीही मायकल विशोग्रोड यांनी घेतलेला आक्षेप अधिक पटतो, की हिटलर हा श्रद्धेचे कारण होऊ शकत नाही. केवळ वैऱ्याला हरवण्यासाठी धरलेली श्रद्धा वैऱ्यावरच अवलंबून राहते.

आज हा वाद पुन्हा तातडीचा झाला आहे. २०१२ मध्ये तुलूझच्या ज्यू शाळेत एक शिक्षक आणि तीन मुले मारली गेली, २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जण, आणि २०१९ च्या योम किप्पूरला जर्मनीतील हाले शहरात सिनेगॉगच्या भक्कम दारामुळेच आतील माणसे वाचली. दारे, कॅमेरे आणि पहारेकरी यांवरचा खर्च म्हणूनच अटळ आहे. परंतु ज्या शाळेत ज्यू इतिहास म्हणून मुलांना प्रामुख्याने ऑशविट्झ शिकवले जाते आणि तालमूदचे एक पानही उघडले जात नाही, ती शाळा रोझेनझ्वाईग यांच्या कसोटीला उतरत नाही.