भोक्त्याचा वांटा

ईस्टरच्या आदल्या आठवड्यांत ब्रुसेल्सच्या चॉकलेटच्या दुकानांतून हिंडणें हा रसिकांचा एक सोहळाच आहे. १८५७ सालीं न्यूहाउस नांवाच्या गृहस्थानें ‘गॅलरी द ला रेन’ या कांचेच्या छताच्या पेठेंत औषधांचें दुकान मांडलें. १९१२ सालीं त्याच्या नातवानें चॉकलेटच्या कवचांत मऊ सारण भरून ‘प्रालीन’ हा प्रकार काढला. तेथून चढ चढून साब्लों चौकांत यावें. खिडक्यांत चॉकलेटचीं अंडीं, ससे आणि घंटा मांडलेल्या असतात. देवळांतील घंटा गुड फ्रायडेपूर्वीं मौन धरून रोमला जातात आणि परततांना मुलांच्या बागांत अंडीं टाकतात, अशी तिकडील बालकथा आहे.

या सणामागें एके काळीं चाळीस दिवसांचा उपास होता व त्यांत अंडेंही वर्ज्य होतें. बहुतेकांचा उपास सुटला, पारणें तेवढें राहिलें. एकादशीस दुप्पट खाणाऱ्या आपण त्याबद्दल त्यांना हंसूं नये!

मला अडतें तें निराळ्या ठिकाणीं. मांसभक्षणाच्या प्रकरणांत मनूनें घातक कोण याची मोजदाद केली आहे. मारणारा एकटाच नव्हे; संमति देणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा हे सर्वच त्यानें घातक ठरविले. हा न्याय चॉकलेटास लावावा काय? जगांतील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या एका संशोधनसंस्थेच्या पाहणींत तेथें सुमारें १५ लाख ६० हजार मुलें या पिकाच्या कामास जुंपलेलीं आढळलीं.

मनूच्या न्यायानें उत्तर सोपें आहे: खाऊं नये. परंतु बकरा आणि शेतकरी यांत भेद आहे. बकरा न खाल्ल्यास बकरा वांचतो. कोको न घेतल्यास शेतकरी बुडतो.

हा युक्तिवाद सोयीचा आहे, हेंही मला दिसतें. बर्मिंगहॅमचे कॅडबरी हे धर्मनिष्ठ क्वेकर. साओ टोमे बेटावरील कोको गुलामांच्या हातून पिकतो अशी वार्ता १९०१ सालीं त्यांच्या कानीं आली. तथापि गिऱ्हाईक राहिलों तरच आपल्या शब्दास वजन राहील, या विचारानें त्यांनीं खरेदी १९०९ पर्यंत चालू ठेविली. एका वृत्तपत्रानें त्यांस दांभिक म्हटलें, तेव्हां त्यांनीं अब्रूनुकसानीचा दावा लावला व जिंकलाही. पण ज्यूरीनें भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! ज्यूरीस ते ढोंगी वाटले नाहींत, पण अगदीं निर्मळही वाटले नसावेत.

म्हणून खावें कीं न खावें यापेक्षां कोणत्या भावानें खावें, येथें मी येऊन थांबतों. २०२४ च्या ईस्टरपूर्वींच्याच आठवड्यांत न्यूयॉर्कच्या बाजारांत कोकोचा भाव प्रथमच टनास १०,००० डॉलरांवर गेला. आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्यास त्या वेळीं मिळत होता सरकारनें आदल्या ऑक्टोबरपासून बांधून दिलेला, टनास सुमारें १,६५० डॉलरांचा भाव. पीक आगाऊ सौद्यांनीं आधींच विकलें गेलें होतें. एप्रिलांत तो दीडपट करण्यांत आला.

साब्लोंच्या दुकानांत अंड्यास रेशमी फीत बांधून मिळते. बिया कोणत्या देशांतील, हेंही हल्लीं कांहीं वेष्टणांवर छापलेलें असतें. त्या पिकविणाऱ्यास काय मिळालें याचा आंकडा मात्र क्वचितच दिसतो. आणि अशा सुगंधी जागीं तो विचारणें गिऱ्हाइकास असभ्यपणाचें वाटतें.