डीबगर हा आप्त आहे का?

यंत्राला कळतं की कळत नाही, यावर हल्ली मंडळी लगेच हमरीतुमरीवर येतात. कळतं ते कशाच्या जोरावर, हा आपल्याकडचा जुना प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमान बाजूला ठेवू. उरलेल्या तिन्हींवर माझं काम भागतं.

मी नांदेडला अभियांत्रिकीच्या मुलांना मायक्रोप्रोसेसर शिकवते. माहेर लातूरचं. मामा अजून तिथंच असतात. वेदान्ताचं वाचन दांडगं, आणि माझ्या विषयात नको तितका रस. आमच्या वेळी लॅबमध्ये ८०८५ चं किट असायचं. ३ई म्हणजे एमव्हीआय ए, ७६ म्हणजे हॉल्ट. तक्त्यात बघायचं आणि हेक्स आकडे एकेक करून दाबायचे. डिसअसेम्ब्ली म्हणजे हीच वाट उलटी चालायची: आकडे घ्यायचे आणि त्यांच्या सूचना लावायच्या. सूचना परत मिळतात, नावं मिळत नाहीत. लिहिणाऱ्यानं फंक्शनला कितीही हौसेनं नाव दिलेलं असो, स्ट्रिप केलेल्या, म्हणजे नावं काढून टाकलेल्या, फाइलीत उरतो तो नुसता पत्ता.

हे काम आता एआय एजंटला सांगतात. त्याला नुसती सूचनांची यादी दिली, की तो धडाधड नावं ठेवत सुटतो. इथं दोन किमतींची तुलना आहे, पुढं जंप आहे, त्याअर्थी हा लायसन्स तपासतोय. हे सरळ अनुमान झालं, आणि त्यात हेत्वाभासही, म्हणजे फसवी कारणंही, भरपूर निघतात. म्हणून त्याच्या हाती डीबगर द्यायचा, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली सुरू केलेला जीडीबी आजही बरेच जण वापरतात. ब्रेकपॉइंट लाव, प्रोग्राम चालव, थांबला की रजिस्टर वाच. माझे सहकारी म्हणतात, आता त्याला प्रत्यक्ष दिसायला लागलं.

मला हे पटत नाही. एजंटला रजिस्टर कुठं दिसतं? त्याला मिळते डीबगरनं लिहून दिलेली एक ओळ: आरएएक्स या रजिस्टरमध्ये अमुक किंमत आहे. ही ओळ खरी मानून तो पुढं जातो. हे शब्दप्रमाण आहे, आणि शब्द प्रमाण ठरायचा तर सांगणारा आप्त हवा. न्यायभाष्यकार वात्स्यायनांची अट अशी, की त्यानं वस्तू जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. डीबगरला इच्छा कसली? आणि जशी आहे तशी सांगतो म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही.

ब्रेकपॉइंट लावताना काय होतं ते बघा. इंटेलच्या प्रोसेसरवर डीबगर त्या जागेचा मूळ बाइट उचलून ठेवतो आणि तिथं सीसी हा बाइट लिहितो. प्रोसेसर तिथं पोचला की अडतो. म्हणजे बघण्यासाठी त्यानं बघायच्या वस्तूतच हात घातला. आता जीडीबीला विचारा, त्या पत्त्यावर काय आहे? तो सीसी दाखवत नाही. मूळ बाइट दाखवतो, जणू काही झालंच नाही. प्रोग्रामनं मात्र स्वतःची मेमरी वाचून बेरीज केली, तर त्याला सीसी सापडतो आणि बेरीज चुकते. पाळत ओळखणारे प्रोग्राम हीच युक्ती वापरतात. ज्याची चौकशी चाललीय त्याला खरं ठाऊक, आणि चौकशी करणारा सारवलेलं वाचतोय!

मी हे मामांना सांगितलं. त्यांना वाटलं होतं, डीबगर म्हणजे आमचा साक्षीच, बुद्धीचे व्यापार नुसते बघणारा. "अगं, जो मधे पडून थांबवतो तो साक्षी कसला?" म्हणाले. मी म्हटलं, हार्डवेअर ब्रेकपॉइंट असतात, ते कोडला हात लावत नाहीत. पण त्यांचे पत्ते ठेवायला रजिस्टर चारच, आणि थांबवतात तेही. गेलेला वेळ मोजून प्रोग्रामला पत्ता लागतोच. मामा खूश झाले. मी काही त्यांची बाजू घेतली नव्हती.

यंत्र बाइटपर्यंत उसवलं, आत समज कुठं दिसली नाही, म्हणून ती नाही, असंही म्हणतात. असं उसवणं आपल्याकडं जुनं आहे. लातूरजवळच्या अंबाजोगाईला सोळाव्या शतकात संतकवी दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब कापडावर पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांच्या मिसळणीचा हिशेब, लिहून काढलं, ती पासोडी. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा वाटा त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा एकेक अष्टमांश. देहाचा असा हिशेब मांडला तर त्यात 'मी' कुठल्याच वाट्यात येत नाही. वेदान्ती म्हणतो, म्हणून 'मी' या सगळ्याचा द्रष्टा. बौद्ध म्हणतो, म्हणून 'मी' नाहीच. उसवणं तेच, निकाल दोन. यंत्राच्या बाबतीत ते एकच निकाल देईल, हा भरवसा कुठून आला?

मामांनी शेवटी मलाच धरलं. "तू तरी काय बघतेस? स्क्रीनवरची ओळच ना?" खरंय. डीबगरपुढं एजंट आणि मी एकाच बाकावर आहोत. त्यातून बौद्ध तार्किक दिङ्नागाचं ऐकलं तर शब्द हे वेगळं प्रमाणच नव्हे, तेही अनुमानच. मग एजंटमधला आणि माझ्यातला फरक आणखी कमी. तरी एक फरक मी सोडायला तयार नाही: जीडीबी बाइट लपवतो हे मला माहीत आहे, म्हणून शंका आली की मी कच्ची मेमरी दुसऱ्या वाटेनं वाचते. एजंटलाही हे सांगता येतं. सांगितलं की तोही वाचतो. न सांगता एखादा वाचेल, याची मी वाट बघतेय. मामांचं म्हणणं, न सांगता माणसं तरी किती वाचतात.

सध्या प्रॅक्टिकलच्या जर्नलात मी एक रकाना वाढवला आहे. एजंटनं फंक्शनला ठेवलेल्या प्रत्येक नावापुढं मुलांनी लिहायचं, हे अनुमानानं की शब्दानं, आणि शब्द असेल तर कुणाचा. प्रत्यक्षाला त्यात जागा ठेवलेली नाही. त्यावरून मामांशी वाद चालू आहे. त्यांच्या मते किटवर दिवा लागला आणि मुलीनं तो डोळ्यांनी बघितला, एवढं तरी प्रत्यक्षात धरायला हवं.