मापात पाप

आमच्या घरी चकलीच्या भाजणीचे प्रमाण वाटीने सांगतात. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, असा तो पाठ आईकडून पत्नीकडे आणि पत्नीकडून सुनेकडे आला. एकदा मी सहज विचारले, "पण वाटी कोणती?" पत्नी हसून म्हणाली, "कुठलीही घ्या. फक्त मध्येच बदलू नका, म्हणजे झालं."

मापाविषयी इतके शहाणपणाचे वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. वाटी लहान की मोठी, पितळेची की स्टीलची, याला महत्त्व नाही. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहिली पाहिजे, आणि सांगणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मनात ती एकच असली पाहिजे. हे वाक्य मला यंदा फार आठवले, कारण माझ्या नातीने घरच्या घरी एक फलक छापला, आणि त्या फलकाने साठ वर्षांहून जुनी एक गोष्ट उकरून काढली.

2025 साली मला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. घरातल्या मुलांनी बेत केला की, गच्चीवर जेवण करायचे आणि कठड्यावर भलामोठा फलक लावायचा. बाजारात असा फलक चौरस फुटाच्या भावाने छापून मिळतो. पण कॉलेजात जाणाऱ्या नातीला तो विकतचा थाट नको होता. संगणकावर अक्षरे मोठी करायची, त्यांचे बारा तुकडे पाडायचे, ते घरच्या छपाईयंत्रावर बारा कागदांवर उतरवायचे आणि कागद शेजारी शेजारी चिकटवायचे, अशी तिची योजना होती. मजकूर ठरला : "आजोबा, शतायुषी व्हा!" कठडा मी शिंप्याच्या टेपने मोजून दिला, अर्थात फुटांत आणि इंचांत.

कागद छापून झाले, जमिनीवर मांडले, आणि आम्ही सगळे पाहत राहिलो. एकही अक्षर दुसऱ्याशी नीट जुळेना. 'ज'चे वळण एका कागदावर सुरू होई आणि दुसऱ्यावर भलतीकडेच उगवे. 'शता'मधला काना निम्मा कापलेला. माझ्या शतायुष्यालाच कात्री लागलेली पाहून पत्नीला हसू आवरेना.

थोड्या वेळाने कारण सापडले. आपल्याकडे जो कागद सर्रास मिळतो त्याला ए-फोर म्हणतात. त्याची रुंदी 210 मिलिमीटर आणि उंची 297 मिलिमीटर. हे आकडे विचित्र दिसतात, पण त्यांच्या मागे सुंदर हिशेब आहे. बरोबर एक चौरस मीटरचा मोठा कागद घ्या, तो चार वेळा निम्मा करा, की ए-फोर हाती येतो. आणि प्रत्येक वेळी लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते. अमेरिकेत मात्र कागद अजून इंचाने मोजतात. तिथला नेहमीचा कागद साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच उंच. तो आपल्या कागदापेक्षा सुमारे सहा मिलिमीटर रुंद असतो. नातीच्या संगणकात तोच अमेरिकन कागद गृहीत धरलेला होता, आणि यंत्रात होता आपला. त्यामुळे प्रत्येक कागदावर सहा मिलिमीटर अक्षर कापले जाई. बारा कागदांत मिळून सात सेंटिमीटर शुभेच्छा हवेत विरून गेल्या.

मी संगणकाला दोष द्यायच्या तयारीत होतो. तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, चूक माझीच. कागदाचं माप न बघताच मी छापत सुटले." एवढे बोलून ती पुन्हा कामाला लागलीसुद्धा. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझा मात्र तिथूनच सुरू झाला.

माझ्या वडिलांचे कऱ्हाडच्या पेठेत कापडाचे लहानसे दुकान होते. 1956 साली मापांचा नवा कायदा झाला, 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आले, त्यानंतर टप्प्याटप्प्याने किलो, लिटर आणि मीटर आले. सगळ्या पेठेची जीभ अडखळू लागली. शेर, मण, वार हे शब्द लोकांच्या अंगात मुरलेले होते. बायका वारात विचारीत, दुकानदार मीटरमध्ये भाव सांगे, आणि मधल्या फरकात प्रत्येकाला दुसरा आपल्याला फसवतो आहे असे वाटे. वार म्हणजे 91.44 सेंटिमीटर. मीटरला साडेआठ सेंटिमीटरांहून थोडा अधिक कमी. चार बोटांहून जरासा जास्त असा तो फरक.

1962 ची दिवाळी. उत्तर सीमेवर युद्ध पेटलेले, त्यामुळे सणावर सावट होते; तरीही मुलांना नवे कपडे लागतातच. दुकानात गर्दी होती, म्हणून बारा वर्षांचा मी अण्णांच्या हाताखाली उभा होतो. खेड्यावरची एक बाई आली. पदराच्या गाठीत पैसे बांधलेले. म्हणाली, "पाच वार काप रं बाळा. दोगा पोरांची सदरं झाली पायजेत." मी मोठ्या ऐटीत सांगितले, "मावशी, आता वार गेले, मीटर आले. पाच मीटर देतो." भाव मीटरला दीड रुपया. मी साडेसात रुपये घेतले. परंतु घाईत हाताला लागली ती जुनी, वाराची पट्टी. मीटरचे पैसे घेऊन मी वाराने कापड दिले.

ती गेल्यावर नव्या पट्टीवर माझी नजर गेली आणि पोटात खड्डा पडला. मनातल्या मनात हिशेब केला. जवळजवळ त्रेचाळीस सेंटिमीटर कापड कमी गेले होते. जुन्या भाषेत सतरा इंच. पैशांत चौसष्ट नवे पैसे. एखाद्या लहान मुलाच्या सदऱ्याच्या दोन बाह्या त्या सतरा इंचांत सहज बसल्या असत्या. धावत गेलो असतो तर बाई पेठेच्या टोकाला सापडली असती. मी गेलो नाही. गिऱ्हाइकांसमोर वडील बोलतील, ही भीती त्या बाह्यांपेक्षा मोठी ठरली.

रात्री अण्णांनी तागा मोजला. कापड हिशेबापेक्षा जास्त भरले. "हे कसं रे?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "तागाच मोठा आला असेल." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि वहीत वाढ लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकानात वाराची पट्टी नव्हती. ती कुठे गेली हे मी विचारले नाही, आणि त्यांनीही शेवटपर्यंत सांगितले नाही.

आपल्याकडे 'मापात पाप' असा शब्द आहे. पुष्कळ वर्षे मी त्याचा अर्थ खोटा तराजू, पोकळ वजन असाच घेत आलो. आता मला वाटते, माझे पाप पट्टीत नव्हते. पट्टी चुकून हाती आली. तशी ती कुणाच्याही हाती येईल. पाप त्यानंतरच्या त्या एका वाक्यात होते.

पुढे मीटरचा इतिहास वाचताना याच जातीचा एक माणूस मला भेटला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात असे ठरले की, राजाच्या पायाचे किंवा हाताचे माप नको. पृथ्वीच्याच अंगावरून माप घ्यावे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्यासाठी 1792 पासून दलांब्र आणि मेशें या दोघा ज्योतिर्विदांनी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत मोजणी केली. बार्सिलोनात घेतलेल्या मेशेंच्या निरीक्षणांत किंचित विसंगती आली. त्याने ती कुणाला कळू दिली नाही. मीटर तयार झाला, गौरव झाला, पण या माणसाच्या मनाला स्वस्थता नव्हती. मोजणी पुढे नेण्यासाठी तो पुन्हा स्पेनला गेला आणि 1804 साली तिथेच तापाने वारला. त्याच्या मृत्यूनंतर ती लपवलेली विसंगती दलांब्रला कागदपत्रांत सापडली. दैवाचा खेळ असा की, तिच्यात मेशेंचा निष्काळजीपणा फारसा नव्हताच. माणसाने जगाला नवे माप दिले, आणि स्वतःला मात्र भलत्याच कठोर मापाने मोजले.

यावरून कुणी म्हणेल की, जगात एकच माप असते तर हे प्रश्न उरलेच नसते. मला तसे वाटत नाही. आपण सगळे दोन-दोन मापांत सुखाने नांदतो. कापड मीटरने घेतो आणि शिंप्याला छाती इंचांत सांगतो. दूध लिटरने, पण माणसाची उंची फुटांत. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, बोलण्यात एकर आणि गुंठे. नऊवारी लुगडे आज मीटरने कापले जाते, तरी त्याचे नाव कुणी बदललेले नाही, बदलूही नये. मापे अनेक असण्यात वाईट काही नाही. आकडा आपले नाव सोडून हिंडू लागला की घात होतो. 1999 साली मंगळाकडे गेलेले अमेरिकेचे एक यान याच कारणाने हरवले : एका गटाने आकडे पौंडांच्या हिशेबात दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. एवढी विद्वान माणसे, आणि "वाटी कोणती?" एवढा प्रश्न विचारायचा राहून गेला.

पण यानाच्या गोष्टीत दोन्ही बाजू जाणत्या होत्या. माझ्या गोष्टीत तसे नव्हते. त्या बाईला एकच माप ठाऊक होते. मला दोन ठाऊक होती. आणि ज्याला दोन मापे कळतात, त्याच्या हाती एकच माप कळणाऱ्याची मान असते. मग ती मापे कापडाची असोत, जमिनीची असोत, कायद्याची असोत वा शिक्षणाची. जाणत्याने आपला हिशेब अजाणत्याच्या मापात करून दाखवावा, आणि चुकल्यास त्याच्या मागे धावत जावे; व्यवहारातली सगळी नीती मला आज एवढ्यात सामावलेली दिसते. अण्णांनी ती पट्टी दूर केली तेव्हा त्यांना हेच सांगायचे असेल काय? कुणास ठाऊक.

फलक दुसऱ्यांदा छापून होईपर्यंत मी नातीला ही गोष्ट सांगितली. घरात ती प्रथमच कुणी ऐकत होते. तिने विचारले, "मग त्या बाईंना नंतर कधी सांगितलंत?"

"नाही. त्या पुन्हा दुकानात आल्या नाहीत."

तिने यावर माझी समजूत घातली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. ती म्हणाली, "आजोबा, हे टोक धरा." मी टोक धरले. या खेपेला अक्षरे जुळली, आणि कठड्यावर फलक बरोबर बसला. पाहुण्यांनी वाखाणणी केली. त्या मोठमोठ्या अक्षरांखाली बसून जेवताना माझ्या मनात मात्र दोन लहान मुले होती. आज तीही सत्तरीत असतील. चौसष्ट पैसे आता सुटे मिळायचे नाहीत, आणि त्या बाह्यांचा सणही परत यायचा नाही. काही हिशेब चुकते होत नाहीत. ते नुसते कबूल करायचे असतात. तेवढे मी यंदाच्या दिवाळीत केले आहे.