सण, उसनवारी आणि शेजार

इस्लापूर हे किनवट तालुक्यातले, तेलंगणाच्या सीमेलगतचे गाव. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरचे स्टेशन. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. या भागात पैसा कापसाबरोबर येतो. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की हात मोकळे होतात. जून उजाडतो तेव्हा ते पुन्हा रिकामे असतात, आणि बियाणे, खत, पोरांची वह्यापुस्तके सारे एकदम समोर उभे राहते.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. म्हणून आमचे सण ऋतूंमधून फिरत राहतात. 2018 ची रमजान ईद 16 जूनला आली. 2024 ची बकरी ईद 17 जूनला, 2025 ची 7 जूनला. पेरणी आणि ईद अशी एका महिन्यात आली, की बियाण्याची पिशवी आधी की बकरा आधी, हा प्रश्न पडतो.

धर्माचे उत्तर सरळ आहे. कुर्बानी ऐपत असणाऱ्याने करायची. जनावराचे मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, माणसाची परहेजगारी पोहोचते, असेच कुरआन सांगते. तरीही आम्ही उसनवारी करतो. का? अल्लाहला तोंड दाखवायचे म्हणून नव्हे, तर गल्लीला तोंड दाखवायचे म्हणून.

हा पेच आमच्या एकट्याचा नाही. ख्रिस्ती बांधवांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे. बायबलमधला यशया संदेष्टा विचारतो, की अनाथ-विधवांना न्याय नसेल तर तुमचे सण देवाने काय करायचे? नाताळातील खाणेपिणे आणि दंगा पाहून प्युरिटन पंथीयांनी तर सणच नाकारला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला. 1681 साली तो मागे घ्यावा लागला. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चची परंपराही अशीच कडक. तिथे नाताळला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती 1958 साली. याच परंपरेतल्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री यांनी आपल्या मराठवाड्यात, जालन्याजवळ, बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली होती.

आज मराठवाड्यातल्या चर्चमध्ये नाताळ आनंदाने साजरा होतो. बंदीने सण संपत नाही, हे यातून दिसते. संपूही नये. वर्षभर दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या माणसाला एक दिवस नवा कपडा आणि गोड घास हवाच असतो. त्याला काटकसर शिकवणारे आपण कोण? संत पौलाने या वादात मधली वाट धरली. कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो. त्यावरून एकमेकांचा न्याय करू नका, मात्र आपल्या खाण्यापिण्याने भावाला ठेच लागू देऊ नका, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

हा विचार आम्हाला परका वाटत नाही. फितरा ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा असतो. आधी शेजाऱ्याची चूल, मग आपला शीरखुर्मा. हा क्रम पाळला तर सणाचे माप आपोआप ठरते. सणातली उधळपट्टी केवळ रुपयांत मोजता येत नाही. ज्या खर्चामुळे शेजारच्या घराला कर्ज काढावेसे वाटते, तो खर्च आपल्या ऐपतीत बसत असला तरी जास्तच आहे.

म्हणून साधेपणाची सुरुवात गरिबाच्या घरून मागता येणार नाही. ती ज्यांच्या दारात दोन-दोन बकरे बांधले जातात, त्यांनी करायची. बकऱ्याची किंमत चौकात सांगू नये. वाटा पोहोचवताना ज्याने कुर्बानी केली नाही त्याला कारण विचारू नये. आणि मशिदीच्या ओट्यावर एखाद्या वडीलधाऱ्याने पेरणीपूर्वीच मोठ्याने सांगावे, की बाबांनो, यंदा बियाणे घ्या, कुर्बानी तुमच्यावर नाही.

एवढे ऐकायला मिळाले, तर जूनमधली ईद घेऊनही कुणाचे रान पडीक राहणार नाही.