न केलेल्याचा हिशेब



मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो. विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर जे करायला हवे होते पण केले नाही, त्याचीही क्षमा मागतो. हे शेवटचे आपल्या तोंडून घाईघाईत निघून जाते. कुणाला मारले नाही, कुणाचे लुबाडले नाही, मग आपण निर्धास्त! दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात एका ख्रिस्तमंदिरात जे घडले, ते वाचताना आपल्याला याच ठिकाणी थांबावे लागते.

कोलंबियाच्या पश्चिमेला चोको प्रांत आहे. दाट जंगल, धो धो पाऊस आणि रस्ता म्हणजे अत्रातो नदी. ही नदी उत्तरेला समुद्राला मिळते आणि पनामाची सरहद्द तिथून जवळ. कोकेन बाहेर नेणाऱ्यांना आणि शस्त्रे आत आणणाऱ्यांना ती हवीच असणार. फार्क हे डावे बंडखोर आणि त्यांच्या विरोधातील खासगी सशस्त्र टोळ्या तिच्यासाठी झुंजत होत्या. काठावरच्या गरीब, बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या लोकांना कुणी विचारले नव्हते.

एप्रिल २००२ मध्ये अशा एका टोळीची शेकडो माणसे होड्यांतून नदीने वर आली. वाटेत सैन्याच्या आणि पोलिसांच्या चौक्या होत्या, तरी होड्या पुढे गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने त्याच महिन्यात सरकारला इशारा दिला. सैन्य आले नाही.

२ मे रोजी बोहाया भागातील बेयाविस्ता गावात लढाई चालू होती. सुमारे तीनशे माणसे ख्रिस्तमंदिरात दाटीवाटीने बसली होती, कारण पक्क्या भिंती तिथे होत्या. टोळीवाले त्याच मंदिराच्या आडोशाला होते. फार्कने गॅसच्या सिलिंडरात स्फोटके भरून फेकलेला बाँब छप्पर फोडून आत पडला. मृतांची संख्या वेगवेगळ्या मोजणींत ७९ पासून ११९ पर्यंत येते. त्यांत लहान मुले फार होती. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीचे हातपाय तुटले. वाचलेले लोक पांढरी फडकी उंचावत, आम्ही साधी माणसे आहोत असे ओरडत नदीपलीकडे गेले. सैन्य पोहोचले ते त्यानंतर काही दिवसांनी.

आता दोष कुणाचा? बाँब फेकणाऱ्याचा, हे तर उघड आहे. मुलाबाळांच्या आडून गोळ्या झाडणाऱ्याचाही. पण तिसऱ्याचे काय? एवढ्या जंगलात सैन्य सगळीकडे कसे पुरणार, असे कुणी म्हणेल आणि ते अगदीच खोटे नाही. मात्र २००० पासून अमेरिकेच्या मदतीने कोलंबियाच्या सैन्याला हेलिकॉप्टरे आणि भरपूर पैसा मिळत होता. शिवाय चौकीसमोरून जाणारी होडी थांबवायला हेलिकॉप्टर कशाला लागते? आम्हांला वाटते, ज्याच्या हाती रक्षणाचे काम सोपवले आहे, त्याचे गप्प बसणे ही कृतीच आहे.

फार्कच्या प्रतिनिधींनी डिसेंबर २०१५ मध्ये बोहायात येऊन क्षमा मागितली. पुढच्या वर्षी शांतता करारावर देशभर मतदान झाले. देशाने थोडक्या मतांनी नकार दिला, पण बोहायातील सुमारे ९६ टक्के मते कराराच्या बाजूने पडली! ज्यांची मुले गेली त्यांनी हे केले, याचे आपण फक्त नवल करू शकतो. पण ज्याने काही केलेच नाही, त्याला क्षमा कशाची करायची? त्याच्या हातात बाँब नसतो, दाखवायला काहीच नसते. त्यामुळे तो समोर येऊन उभाही राहत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हियाविसेन्सियो शहरात त्या हातपाय नसलेल्या मूर्तीपुढे प्रार्थना केली.

मृतांना २००२ मध्ये घाईघाईत पुरावे लागले होते. ना जागरण, ना गाणी. ओळख पटवून त्यांचे अवशेष नोव्हेंबर २०१९ मध्ये घरच्यांच्या हाती आले. तेव्हा गावच्या बायकांनी मृतांसाठीची गाणी गायली आणि सतरा वर्षांनी त्यांना आपल्या हातांनी माती दिली.