पळून जाण्याचा आकडा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या खेळाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी शेजारी उघडायच्या आणि एकाच मॉन्स्टरचे आकडे ताडून पाहायचे, हा माझा आवडता उद्योग. टेबलावर डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, मी असतो, म्हणून याला तयारी म्हणता येते. खरे तर ती चैन आहे. ऑर्क घ्या, या खेळातला टोळीने लढणारा नेहमीचा शत्रू. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये त्याला आठपैलू फाशाची एक फेक, म्हणजे सरासरी साडेचार हिट पॉइंट, मरेपर्यंत झेलता येणारा मार. 2003 मध्ये 5. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत 46 हिट पॉइंटचा ऑर्क आहे, आणि त्याच पुस्तकात एकाच फटक्यात आडवा होणारा, 1 हिट पॉइंटचाही आहे. 2014 मध्ये 15. आर्मर क्लासची तर दिशाच उलटी: 2000 पूर्वी तो जितका कमी तितके प्राण्याला वार लागणे अवघड, त्यामुळे जुना 6 म्हणजे आजचा 14. नवख्याला वाटेल की ऑर्क अंगाने भरत गेला. तसे काही नाही. खेळाडूंना त्याच्यापुढे किती वेळ गुंतवायचे, एवढेच ते हिट पॉइंट सांगतात.

इथवर माझा अभ्यास पक्का आहे, आणि मिरवतो तोही इथवरच. अडचण पुढच्या एका ओळीची आहे.

1981 च्या टॉम मोल्डवे यांच्या बेसिक संचात प्रत्येक प्राण्यापुढे 'मोराल' नावाचा आकडा असे. ऑर्कचा 8, म्होरक्या मेला की 6. सांगाड्याचा 12, म्हणजे तो कधीच हटत नाही. टोळीतला पहिला गडी पडला की डीएमने दोन फासे टाकायचे, निम्मे पडले की पुन्हा. बेरीज मोरालच्या वर गेली की टोळी पळते किंवा शरण येते. हिशेब करून पाहिला: 8 ला 36 पैकी 10 वेळा, म्हणजे 28 टक्के, 6 ला 36 पैकी 21 वेळा, 58 टक्के. म्होरक्या गेला की निम्म्याहून अधिक वेळा लढाई मोडते. विश्वासराव पडल्यावर पानिपतावर काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे गणित पटवून द्यावे लागत नाही.

तिसऱ्या आवृत्तीत, 2000 साली, ही ओळ प्राण्याच्या नोंदीतून गेली. 2014 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात पळण्याचा नियम आहे, पण ऐच्छिक: विज्डमची फेक 10 च्या खाली पडली तर प्राणी पळतो. साध्या ऑर्कला ही शक्यता 45 टक्के, जुन्या दोन शक्यतांच्या मधली. फक्त ती दुसऱ्या पुस्तकात आहे. ऑर्कच्या स्वतःच्या नोंदीत एकच खास गुण दिलेला आहे, 'अ‍ॅग्रेसिव्ह': शत्रूच्या दिशेने जादा धाव घेता येते.

आता माझे. मोरालची ओळ समोर असे तेव्हा माझे ऑर्क पळत. ती गेल्यावर ते शेवटचा पडेपर्यंत लढू लागले. त्यांना पळवायला मला कोणी मनाई केली नव्हती. उलट आधी फाशांच्या हाती असलेली दया आता माझ्या हाती आली होती, आणि मला तिची आठवणही झाली नाही. कागदावरच्या ऑर्कसाठी रडायचे कारण नाही, खेळ तो खेळ. पण समोरच्याला भीती वाटत असेल हे सुचायला मला छापील आकडा लागतो, ही गोष्ट माझ्याविषयीची आहे. ती खेळाबरोबर संपते असे मानणे सोयीचे आहे. मला तशी खात्री देता येत नाही.

पण जुन्या पुस्तकांचा कैवारही घेववत नाही. 1977 च्या नोंदीत ऑर्क भेटतात ते 30 ते 300. वस्तीत बायका आणि मुले किती असतील, तेही दिलेले आहे. त्या मुलांचे काय करायचे याची तरतूद नाही. सगळ्या जमातीवर 'लॉफुल ईव्हल', म्हणजे शिस्तीचे पण दुष्ट, हा शिक्का मात्र आहे. ती नोंद मी आजवर खानेसुमारीसारखी वाचत आलो.

नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये, 2025 च्या, ऑर्क नाही. तो 2024 पासून खेळाडूंच्या पुस्तकात, त्यांनी स्वतःसाठी निवडायच्या जमातींमध्ये आहे. कळले तेव्हा मी चिडलो. परंपरा मोडली, असे म्हणालो. गॉब्लिन अजून शाबूत होते, 7 चे 10 हिट पॉइंट होऊन. सोबत डाकू होते, ड्रॅगन होते. लढायला काहीच कमी पडणार नव्हते. मग गेले काय, असे स्वतःला विचारले तेव्हा उत्तर लगेच आले आणि आवडले नाही: ज्याला मारल्यावर टेबलावर कोणी जाब विचारत नाही, असा एक जण गेला होता.

हल्ली प्रत्येक टोळीपुढे मी पेन्सिलीने मोराल लिहून ठेवतो. पण तो आकडाही मीच ठरवतो. चिल्लर टोळीला 6, रंगणार असे वाटते त्या लढाईला 10. हे लिहिताना त्या प्राण्यांचा विचार करतो की शनिवारची रात्र जमावी याचा, असे कोणी विचारले, तर बहुतेक वेळा शनिवारचाच.